न घेतलेलं माप

अंबुकाकीचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते. हातात बस कामगारांच्या पत्रकाचं प्रूफ होतं, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं. काकी म्हणाली, "तुझे काका गेले ग. सकाळी कापी पिऊन खुर्चीत बसले, ते तसेच..." मी 'येते' म्हटलं, फोन ठेवला आणि प्रूफातली पुढची चूक दुरुस्त केली. का केली, ठाऊक नाही. जे पत्रक खरोखर दुरुस्त करायला हवं होतं, ते दोन वर्षांपूर्वी ह्याच छापखान्यात छापलं होतं. त्याचं प्रूफ मी तीनदा वाचलं होतं आणि मला एकही चूक सापडली नव्हती.

सेतुमाधवराव म्हणजे माझ्या अप्पांचे धाकटे भाऊ, आमचे सेतूकाका. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत घर, आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. अप्पा युनियनचे. "ह्यांच्या घरी बारशाची पत्रिका निघत नाही, पत्रक निघतं," असं काकी चिडवायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मी त्या पत्रकांवरच वाढले. आम्ही घरात मराठी बोलायचो पण लिहायचो तमिळ. देवनागरी मला विसाव्या वर्षी काकांनी शिकवली, शेडमधल्या फळ्यावर. त्या शेडमध्ये आजोबांनी घेतलेली विलायती गाडी होती, हिरवी, बेडकासारख्या डोळ्यांची. तिच्याभोवती चटया घालून काका दर रविवारी दहा ते एक रिक्षावाल्यांना फुकट शिकवायचे. "गाडी चालते कशी ते असके जण शिकतात, थांबते कशी ते कोण शिकतं?" असं म्हणून त्यांचा वर्ग ब्रेकपासूनच सुरू व्हायचा. चाक काढायचं, ब्रेकचा ड्रम उतरवायचा, आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण ती छातीत जाते. मग नख फिरवायचं, चरे लागतात का बघायला. पान्याने टिचकी मारायची. घंटेसारखा वाजला तर बरा, फुटक्या मडक्यासारखा वाजला तर नाही. आणि शेवटी मोठा व्हर्नियर लावून झिजला की वाढतो तो आतला व्यास मापायचा, चार ठिकाणी. झिजलेला ड्रम गोल राहत नाही, म्हणून एका मापावर विश्वास ठेवायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी मैत्रीण कविता आणि प्रभू ह्यांचं लग्न ठरलं. जात वेगळी, दोन्ही घरं विरोधात. तंजावूरला नोंदणी करून पापनाशमला जेवण, असं आम्ही मित्रांनीच ठरवलं होतं. नवरानवरी लपूनछपून नाही, उघड्या रस्त्याने, फुलं लावलेल्या गाडीतून जातील, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. काकांना न विचारता. मग विचारायला गेले.

"काका, शुक्रवारी गाडी हवी. पापनाशमपर्यंत."

"होईना ग. मागचा डावा ड्रम गेला."

"गेला म्हणजे?"

"दोनदा लेथवर घासून झाला. आता त्याच्या अंगात मास नाही राहिलं. नवा मिळत नाही, कुंभकोणमला ओतून घ्यायचा. दोन महिने तरी लागतील."

"गेल्या महिन्यात रघूच्या लग्नात नवरदेव मिरवलात की ह्याच गाडीतून!"

"त्याच दिवशी ब्रेक दाबला तर पायाला ठोके लागले. म्हणून तर उघडला."

रघू आमच्यातला. आमच्या नात्यातला, आमच्या जातीतला. मला एवढं पुरेसं होतं. 'तांत्रिक कारण' हे शब्द मी लहानपणापासून अवतरणचिन्हांत वाचत आले होते. बस बंद झाली, तांत्रिक कारण. पगार लांबला, तांत्रिक कारण. ज्याला नाही म्हणायचंय पण का ते सांगायचं नाही, त्याचं कारण नेहमी तांत्रिक असतं, हे मला अक्षरओळखीबरोबरच कळलं होतं. काकांनी भिंतीवरचा व्हर्नियर काढला आणि माझ्यापुढे धरला. "ड्रम उघडाच आहे. ये, तूच माप घे."

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "मला माप घ्यायची गरज नाही. कुणाच्या लग्नाला ड्रम झिजतो ते मला कळतं."

त्यांनी व्हर्नियर पुसला आणि परत खिळ्याला लावला. एवढंच.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'राजवाड्यामागची गाडी कुणासाठी?' नाव घातलं नव्हतं, पण राजवाड्यामागे तशी गाडी एकच. जुन्या बसस्टँडजवळच्या रिक्षातळावर मी स्वतः ते वाटलं, एकेकाच्या हातात.

कविता आणि प्रभू गळ्यात हारांसकट बसमधून पापनाशमला गेले आणि सगळी बस हसत होती. काका-काकीही आले, पुढच्या बसने. शेवटच्या पंगतीत जेवले. काकांनी कविताच्या डोक्यावर हात ठेवला. मी शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, "देखावा." निघताना ते माझ्याजवळ आले.

"पत्रक वाचलं. बेश लिहिलंस. अप्पासारखं तिखट. पण एक राहिलं."

"काय?"

"ड्रमवर लिहिलंस आणि माप नाही दिलंस." असं म्हणून ते हसले. मी हसले नाही. काकी मागून ओरडली, "चला हो, बस जाईल!"

नंतर रविवारच्या वर्गाला रिक्षावाले येईनासे झाले, हे माझ्या कानावर आलं होतं. लोक जागे झाले, असं मी तेव्हा म्हटलं. नात्यातल्या कार्यांत आम्ही भेटायचो. ते 'कशी आहेस' विचारायचे आणि मी 'बरी' म्हणायचे... दोन वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

तेरावा झाल्यावर काकीने शेडची किल्ली माझ्या हातात दिली. रघूच्या लग्नानंतर गाडी रस्त्यावर आलीच नव्हती; नवा ड्रम काकांनी ओतून घेतलाच नाही, ती विटांवर उभी होती. मी काकांच्या जुन्या विद्यार्थ्याला, सेल्वमला बोलावलं. त्याचं तिरुवैयारूच्या रस्त्यावर गॅरेज आहे. त्याने ड्रम उतरवून माझ्यापुढे ठेवला. मी ओल्या फडक्याने पुसला. नख फिरवलं, ते चऱ्यात अडकलं. चार ठिकाणी माप घेतलं. चारही वेगळी आली. सगळ्यांत मोठं माप गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या दीड मिलिमीटर पुढे होतं. सेल्वम म्हणाला, "अक्का, ह्या ड्रमवर सरांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेली नसती."

मी दुसरं पत्रक काढलं. ह्या वेळी नाव घातलं, त्यांचं आणि माझं. चारही मापं छापली. त्याच रिक्षातळावर गेले. तिथले सर्वांत जुने मुरुगेशन, त्यांनी उभ्या उभ्या ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे आम्हाला ठाऊक होतं, मा."

"म्हणजे?"

"लग्नाच्या आधीच्या रविवारी सरांनी वर्गात ड्रम दाखवला होता. माप मीच घेतलं."

"मग कोणी बोललं का नाही?"

त्यांनी पत्रकाची घडी घातली. "पत्रक तुमचं होतं. तुमच्या अप्पांनी आमच्यासाठी मार खाल्लाय. तुमच्यासमोर उभं राहून 'हे खोटं आहे' कोण म्हणणार? आणि वर्गाला जावं, तर आम्ही कुठल्या बाजूचे, असा प्रश्न. म्हणून जाणं सोडलं."

ज्याच्या हातात जोर असतो त्याला खरं सांगायला माणसं भितात, हे मी शंभरदा लिहिलंय. तो हात माझा असू शकतो, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

तिथून काकीकडे गेले आणि तिला पत्रक वाचून दाखवलं. ती शेवग्याचा पाला निवडत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं. "मला कशाला वाचून दाखवतेस? मला ठाऊकच होतं की." मग काड्या बाजूला सारून म्हणाली, "ही दोन वर्षं, दर रविवारी दहाला शेडची दोन्ही दारं उघडायचे. चटया घालायचे, फळा पुसायचे. मी म्हणे, कोणी येईना, कशाला हे? तर म्हणत, लग्नाचे दिवस आहेत, भाडी असतील, येतील. एक वाजला की चटया झाडून गुंडाळायचे आणि जेवायला यायचे."

"मला का नाही सांगितलंस, काकी?"

"तू कधी आलीस?"

आता रविवारी मी जाते. मला शिकवता येत नाही, पण दारं उघडता येतात. चटया घालते, फळा पुसते आणि बसते. अजून कोणी आलेलं नाही. गेल्या रविवारी बाराच्या सुमारास बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी उठून दारापर्यंत गेले. ती समोरच्या घरी आली होती. परत येऊन बसले. गल्लीत एका सकाळी किती रिक्षा थांबतात, हे मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं... काकाही दर वेळी असे उठायचे का, हे काकीला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.