मधल्या खोलीत ठेवलेला आवाज

संगणकाने स्वच्छ सांगितलं होतं की, या कप्प्यातलं वाचता येईल, पण त्यात लिहिता येणार नाही. धाकट्याने ते वाचलं, नाक मुरडलं आणि कुठूनशी शोधून आणलेली एक आज्ञा टाइप करून त्याचं तोंड बंद केलं.

"काय म्हणत होता तो?" शेजारच्या खुर्चीत बसलेल्या वहिनीने विचारलं.

"काही नाही गं. भुंकतो नुसता, चावत नाही."

चावला, पण तो बारा दिवसांनी.

धाकट्याला घरात 'इंजिनिअर' म्हणत. म्हणजे वहिनी म्हणायची; शिक्षण त्याचं दुसऱ्या वर्षातच धापा टाकत बसलं होतं. जिन्याखालच्या एका गाळ्यात तो प्रिंटर आणि संगणक दुरुस्त करी, आणि राहीही तिथेच. थोरला भाऊ पाणीपुरवठा खात्यात होता, जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. आणि वहिनी बस स्थानकात गाड्या पुकारायची, तेवीस वर्षं. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा सातवीत होता, बाहीला शेंबूड पुसायचा. तरी तिने पहिल्या दिवसापासून त्याला 'भावजी, तुम्ही' म्हटलं आणि त्याने तिला 'तू'. दोघांनीही ते पुढे कधी बदललं नाही.

स्थानकात तिची काचेची केबिन होती, त्यात एक पंखा, एक रजिस्टर आणि रुमालाची टोपी घातलेला माइक. गावाची नावं ती अशी पुकारायची की तिथे जायचं नसलेला माणूसही क्षणभर पिशवी उचलायचा. एकदा गाडी सुटत असताना मागून एक बाई धावत येताना तिला दिसली. वहिनीने माइक ओढला आणि म्हणाली, "फलाट तीनवरचे चालक, आरशात बघा. बघूनही जायचं असेल तर जा." गाडी थांबली. वहिनीला लेखी समज मिळाली. ते पत्र तिने प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून कपाटात जपून ठेवलं होतं, मॅट्रिकच्या प्रमाणपत्राच्या वर.

मग आवाज बसला. आधी सगळ्यांनी गरम पाणी प्यायला सांगितलं. चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही.

रुग्णालयात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने उपाय सांगितला. शस्त्रक्रियेआधी रोज लागणारी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे ती एका टॅबलेटमध्ये भरायची. बटण दाबलं की वाक्य वाजेल, आणि तेही स्वतःच्याच आवाजात.

अडचण एवढीच होती की रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम एका सिस्टिमवर चालायचा आणि टॅबलेटमध्ये भरायचा दुसऱ्यावर. थोरल्याचं नकाशाचं सॉफ्टवेअरही त्या दुसऱ्या, जुन्या सिस्टिमशिवाय जगत नव्हतं. घरात संगणक एकच. धाकट्याने बाह्या सरसावल्या आणि त्या एकाच संगणकात दोन्ही सिस्टिम बसवल्या, एका घरात दोन बिऱ्हाडं वसवावीत तशा. एका वेळी एकच बिऱ्हाड जागं राहायचं. दोघांना मिळून एक कप्पा ठेवला, दोन्हीकडून दार असलेली मधली खोलीच. यानं तिथे ठेवलेलं त्याला दिसायचं.

पण थोरला संगणक कधी बंद करायचा नाही, झोपवायचा. त्याचे चौदा नकाशे उघडे असत आणि सकाळी ते जिथल्या तिथे हवेत. नऊ दिवसांच्या पाहणीवर जाताना त्याने बजावलं होतं, "माझं सगळं उघडं आहे. हात लावू नकोस." म्हणून संगणकाने नवीन बिऱ्हाडाला मधल्या खोलीत सामान ठेवू दिलं नाही. जुन्याला एकदा उठवून नीट बंद करायला हवं होतं. दादाला एक फोन पुरला असता. धाकट्याने फोन केला नाही, कुलूप तोडलं.

रेकॉर्डिंग दुपारी चालायचं. खिडकी लावायची, पंखा बंद, दारावर गोधडी. वहिनी घामाने भिजायची, दर वाक्यामागे घोटभर पाणी प्यायची. रुग्णालयाने दिलेली यादी तिने पहिल्याच दिवशी बाजूला सारली.

"'आज हवा किती छान आहे.' हे मी जन्मात कुणाला म्हटलंय?"

"मग काय म्हणतेस?"

"'ओला टॉवेल पलंगावर नको.' 'भावजी, चपला बाहेर.' हे लिहा."

असं करत चारशे बारा वाक्यं झाली. शेवटच्या दिवशी तिने धाकट्याला बाहेर काढलं.

"आता तुमचं आहे. तुमच्यासमोर नाही बोलायचं."

"काय बोलणारेस?"

"शिव्या. साठा असलेला बरा, पुढे वांधा नको."

तो गोधडीपलीकडे उभा राहिला. तिची कुजबुज ऐकू आली, शब्द नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "आत्ता ऐकायचं नाही. मी मुकी झाल्यावर." त्याने ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं म्हणणं पाळलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी थोरला परस्पर घरी आला. त्याने संगणक उठवला, अर्धवट नकाशा ऑफिसला पाठवला, नऊ दिवसांचे फोटो मधल्या खोलीत ओतले आणि धावत रुग्णालय गाठलं.

चौथ्या दिवशी धाकटा वाक्यं घ्यायला बसला. मधल्या खोलीत गटारांची झाकणं होती, गंजलेले व्हॉल्व्ह होते, एका खड्ड्यापाशी मोजपट्टी धरून उभा असलेला थोरला होता. वाक्य एकही नव्हतं.

झोपलेल्या बिऱ्हाडाच्या डोक्यात झोपण्याआधीची खोली असते. उठल्यावर ते त्याच हिशोबाने चालतं. मधे कुणी सामान आणून ठेवलं हे त्याला ठाऊकच नसतं. रिकाम्या समजलेल्या जागेवर थोरल्याचे फोटो बसले होते.

दोन दिवस गाळा बंद ठेवून धाकटा उकरत बसला. तुकडे मिळाले, त्यातले बहुतेक मुके. एकात खुर्ची करकरली आणि वहिनी म्हणाली, "झालं का सुरू?" तेवढंच.

थोरल्याला त्याने सांगितलं, "डिस्क गेली."

"मी चालू केला म्हणून गेली का रे?"

इथे खरं बोलायला दोन सेकंद होते. धाकटा म्हणाला, "तसं नक्की सांगता येत नाही, दादा."

त्यानंतर थोरल्याने त्या संगणकाला हात लावला नाही. नकाशे तो ऑफिसात उरकायचा. घरी आला की बायकोच्या शेजारी बसून राहायचा, आणि तिने वही पुढे ओढली की आधीच म्हणायचा, "हो, हो, कळलं." कळलेलं नसायचं.

वहिनी घरी आल्यावर धाकटा भेटायला गेला. मानेतल्या श्वासाच्या छिद्रावर जाळीचा पट्टा, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. तिने वहीत लिहिलं, "भुंकत होता ना?"

तो पायांच्या बोटांकडे बघत राहिला. "होता."

तिने लिहिलं, "ह्यांना सांगा. ते स्वतःला खातायत."

"सांगतो. तू बरी हो आधी."

तिने 'आधी' या शब्दाकडे बोट फिरवलं, जणू तो हवेत लिहिला होता, आणि वही मिटली. तिच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं, हे विचारायचं धाडस त्याला तेव्हा झालं नाही आणि नंतरही नाही.

तोंड लपवायला माणूस काम शोधतो. धाकटा बस स्थानकावर गेला. आठ वर्षांपूर्वी तिच्या रजेसाठी म्हणून घोषणांचे तुकडे भरून घेतले होते, ते स्थानकप्रमुखाने शोधून दिले. एक ते बारा आकडे. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या सामानाची काळजी घ्यावी. दहा मिनिटे उशिराने सुटेल. रद्द करण्यात आली आहे. एवढ्यावर आता एका बाईचा संसार चालवायचा होता. त्याने ते टॅबलेटमध्ये भरले.

पहिलं बटण दाबलं तेव्हा खोलीत आठ वर्षांपूर्वीची, खणखणीत वहिनी बोलली. थोरला उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

पण ती शिकली. औषध नको असलं की 'रद्द करण्यात आली आहे.' थोरला चष्मा विसरून निघाला की 'आपल्या सामानाची काळजी घ्यावी.' बाकीची चारशे वाक्यं ती डोळ्यांनी बोलायची, आणि ती सगळ्यांना कळायची नाहीत.

एका रविवारी थोरला म्हणाला, "तो संगणक विकून टाक रे. समोर दिसला की जीव जळतो. मीच मारला तिचा आवाज."

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. बोट उचललं.

*प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.*

"बोला," थोरला म्हणाला. त्याला गंमत वाटली.

धाकट्याने तोंड उघडलं. "दादा, तो... विकू नकोस. मी गाळ्यात नेतो. कामाला येईल."

वहिनीने दुसरं बटण दाबलं.

*दहा मिनिटे उशिराने सुटेल.*

थोरला हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आता धाकटा दर रविवारी जातो. त्याची पावलं वाजली की वहिनी तेच बटण दाबते. "आला बघ तुझा उशीरवाला," आतून थोरला ओरडतो. धाकटा चपला बाहेर काढतो, चहा पितो, पट्टा बदलायला कापूस कापून देतो आणि सांगायचं तसंच ठेवून उतरून जातो.