बिल्ल्यावरची चिकटपट्टी

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या. ही एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, कारण हिच्यात मी एका निरपराध मुलीला आरोपी करायला निघालो होतो.

नोकरीची शेवटची वर्षं. राहुरी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. टपालात एक निनावी अर्ज आला, की अमुक खासगी दवाखान्यात एक बोगस डॉक्टरीण पेशंट तपासते. सोबत फोटो होता. चर्चच्या फाटकाजवळ भलामोठा फ्लेक्स, त्यावर पांढऱ्या कोटातली मुलगी आणि 'डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच घेऊन दुपारीच छापा टाकला. मुलगी एका म्हातारीचं बीपी मोजत होती. कोटावर नावाचा बिल्ला होता आणि नावाआधी चिकटपट्टी लावलेली. मी ती सोलली. खाली 'डॉ.' निघालं. झालं! पंचनामा लिहायला घेतला. माझ्या मते केस तिथेच संपली होती.

दवाखान्याचा मालक डॉक्टर हात जोडून पुढे आला. "साहेब, हिनं मला फसवलं. नोंदणी आहे म्हणाली, मी विश्वास ठेवला."

ठाण्यात महिला हवालदारासमोर चौकशी सुरू केली. मुलगी रडली नाही, याचा मला खरं तर रागच आला.

"वैद्यकीय पदवी परदेशातून घेतलीय," ती म्हणाली. "परदेशी पदवीवाल्यांना इथं द्यावी लागते त्या परीक्षेत दोनदा नापास झाले. ती पास होऊन नोंदणी झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, हे सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी सहायक म्हणून ठेवलं. मी बीपी बघते, आजाराची माहिती लिहून घेते. औषध तेच देतात."

"मग हे 'डॉ.' कुणी लिहिलं?"

"सरांनी बिल्ला तसाच हातात दिला. म्हणून चिकटपट्टी लावली."

"आणि फ्लेक्स? तोही आपोआप उगवला?"

"तो पप्पांनी लावला."

पप्पा, म्हणजे निवृत्त शाळामास्तर, बाहेर बाकावर बसले होते. आत येऊन उभेच राहिले. "गुन्हा दाखल झाला तर पोरीला पुढे कुठंच नोंदणी मिळायची नाही, साहेब. फ्लेक्स माझा. ती विमानातून उतरायच्या आधीच लावला होता."

मी चरकलो. माझ्या बढतीचा फ्लेक्स भावकीनं एसटी स्टँडवर लावला होता, तोही आदेश निघायच्या कितीतरी आधी. वरिष्ठांनी मला उभा-आडवा झाडला होता. आपल्या जिल्ह्यात फ्लेक्स आधी लागतो, निकाल मागून येतो. आणि हाच फ्लेक्स मी पुरावा म्हणून घेऊन बसलो होतो! फ्लेक्स बापाचा, मग बिल्ला कुणाचा? गाडी काढली आणि बिल्ले बनवणाऱ्या दुकानात गेलो.

दुकानदारानं मोबाईलच पुढे केला. "ह्यो बघा, साहेब. आर्डर डॉक्टर सायबांची हाय. 'नावाआधी डॉ. टाका, पेशंटला बरं वाटतं.' आन् ह्यो बाईंचा मेसेज. 'डॉ. काढून सहायक लिहा.' मी सायबांना इचारलं, तर ते न्हाई म्हनले."

त्या म्हातारीचाही जबाब घेतला. "म्या इंजेक्शन मागितलं तर न्हाई म्हनाली. मोठे डॉक्टर येऊ द्या, म्हनाली. लई हट्टी पोरगी हाय!"

मेसेज समोर ठेवल्यावर मालकानं पुन्हा हात जोडले. "मी बाहेर असलो की पेशंट निघून जातात हो. डॉक्टर आहे म्हटलं की थांबतात." गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मुलगी साक्षीदार झाली.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझ्याच केबिनमध्ये तिला समजावलं. एक तर परीक्षा, इंटर्नशिप आणि मग डॉक्टर म्हणून नोंदणी. नाही तर फिजिशियन असिस्टंट, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणारा सहायक. पण परदेशी पदवी आहे म्हणून तेही आपोआप होता येत नाही. त्याची वेगळी पात्रता आणि वेगळी नोंदणी लागते. "नुसतं सहायक म्हणवून घेणंही चुकीचंच होतं, बाई."

तिनं दुसरी वाट धरली. मास्तरांचा चेहरा उतरला. "डॉक्टरकी शिकून सहायक?"

"पप्पा, मला काम करायचंय. रीतसर."

कोण स्वतःला काय म्हणवतं, यापेक्षा त्याला तसं कोण म्हणतं हे आधी तपासावं, ही गोष्ट मी उतारवयात शिकलो. पोलिसाला ती पहिल्याच वर्षी कळायला हवी.

गेल्या वर्षी छातीत धडधडतं म्हणून नगरच्या एका हॉस्पिटलात गेलो. बीपी बघायला तीच आली. बिल्ल्यावर नाव, खाली 'फिजिशियन असिस्टंट'. चिकटपट्टी नव्हती.

"काय म्हणतंय बीपी, डॉक्टर?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "डॉक्टर येताहेत, साहेब. मी सहायक आहे."

"चूक झाली, बाई," मी म्हणालो. त्या दिवशी ठाण्यात हे म्हणायचं राहून गेलं होतं.