उजवी कळी

फणसाचा चीक बोटाला लागला की ती घटना आजही आठवते. तेलाने बोट स्वच्छ होते, मन होत नाही.

मी तेव्हा रत्नागिरीला फौजदार होतो. लढाईनंतर महागाई अशी भडकली की पोस्टातले व्याज तांदळाच्या भावापुढे कुठच्या कुठे राहिले. म्हणून आमच्याकडच्या खलाशांनी आपली बचत पोस्टातून काढून एका पेढीत ठेवली. पुढे मंदी आली, खोबऱ्याचे भाव कोसळले, आणि नेमके तेव्हाच पेढीने व्याज सहा टक्क्यांवरून बारावर नेले. लोक म्हणाले, मालकाची भरभराट आहे. बाजार पडलेला असताना जो दुप्पट व्याज देतो त्यालाच पैशाची निकड असते, हे फार थोड्यांना सुचले.

एके सकाळी पेढीला कुलूप दिसले. मालक मुंबईच्या कापसाच्या सट्ट्यात सगळे घालवून पसार झाला होता. आठवड्याने एका खलाशाची बायको ठाण्यात आली. तिच्या मुलीला क्षय झाला होता. पेढीतले पैसे काढून तिला मिरजेच्या इस्पितळात न्यायचे होते. पण नवऱ्याने आधी ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्याकडे त्याशिवाय मोठे काम कोणी करत नाही. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"सायेब, डावी पडली. आठ दिसांनी ह्यांनी पुन्ना इचारलान, पुन्ना डावीच. पोरगी गेली माजी. आता सगळे सांगतायत, त्यांची पण डावीच पडली."

"देवीवर फिर्याद लिहायची काय?" हवालदार पुटपुटला. मी त्याला गप्प बसवले. पैसे काढू का म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला नकार मिळाला होता. एवढा एकमुखी कौल मी कधी ऐकला नव्हता.

दोन पंच घेऊन देवळात गेलो. गुरवाच्या परवानगीने मूर्तीच्या उजव्या खांद्यावरून बोट फिरवले, ते चिकटले. हवालदार हळूच म्हणाला, "सायेब, पाण्यान नाय जायचा. फणसाचा चीक हाय."

पंचनामा केला आणि गुरवाला ठाण्यात बसवले. मारझोड करावी लागली नाही. त्या बाईला समोर उभे केले, एवढेच. तो ढसाढसा रडला.

"माजे पण दोनशे रुपये थयंच होते. मालक बोलला, सगळ्यांनी येकदम काढलान तर तुजे पण बुडतील. चार म्हैने थांबव, भाव चढले की सगळ्यांचे देतो."

"देवीची भीती नाही वाटली?"

त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितले. "वाटली. पण सायेब, तुमी तर व्याज वाढल्याबरोबर तुमचे काढलात. मालकच बोलला मला. तुमी कोनाला कौल लावलात?"

हवालदाराची लेखणी थांबली. ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

मालक पुढे मुंबईत सापडला. त्याला आणि गुरवाला शिक्षा झाल्या, मला शाबासकी मिळाली. लोक विचारतात, त्या प्रकरणाने काय शिकवले? व्याजाचा दर म्हणजे काय ते मला आधीच कळत होते. माझी रक्कम घेऊन पेढीची पायरी उतरलो, तेव्हा तो खलाशी ओट्यावर बसला होता. त्याने रामराम केला. मीही केला आणि पुढे गेलो. त्याची मुलगी तेव्हा जिवंत होती.