मार्गदर्शकाची सही

आमच्या कॉलेजात सह्या आधी होतात आणि मजकूर मागाहून येतो. ही पद्धत कुणी ठरवून घातलेली नाही, पण बीडमध्ये नोकरीला लागल्यापासून मी तीच बघत आलेय. परीक्षेचे फॉर्म, हमीपत्रं, हजेरीचे तक्ते, सगळ्यांवर मुलांच्या सह्या एकाच दिवशी एकाच टेबलावर घेऊन ठेवायच्या. मुलं धारूरकडून, केजकडून एसटीनं येणार, पुन्हा कधी हाती लागतील याचा भरवसा नाही. कार्यालयातले भाऊसाहेब या कामात वाकबगार. "मॅडम, तुमी फकस्त हितं करा, बाकी मी बघतो," म्हणत ते गठ्ठा पुढं सरकवतात आणि मी फोनवर बोलता बोलता सह्या ठोकत सुटते. मी रागीट म्हणून कॉलेजात प्रसिद्ध आहे. दोन मिनिटं उशिरा आलेल्या मुलाला मी वर्गाच्या दारातूनच परत पाठवते. पण न वाचलेल्या गठ्ठ्यावर सही करताना मला कधी राग आल्याचं आठवत नाही.

गेल्या वर्षी विद्यापीठानं एआयच्या वापराबद्दल परिपत्रक काढलं. चांगलं सहा पानी होतं. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मुलं जो संशोधन प्रकल्प लिहितात, त्यात एआय वापरायला बंदी नव्हती. कुठं आणि कशासाठी वापरलं ते विद्यार्थ्यानं घोषणापत्रात लिहायचं, मार्गदर्शकानं त्याच्याशी बसून बोलायचं, चालण्यासारखं आहे की नाही ते ठरवायचं, मग सही करायची. देखरेखीसाठी प्रत्येक कॉलेजात तिघांची समिती. आमच्याकडं प्राचार्य, इंग्रजीचे विभागप्रमुख आणि समाजशास्त्राची म्हणून मी. आम्ही एक बैठक घेतली, चहा प्यालो आणि 'परिपत्रकाची नोंद घेण्यात आली' असं इतिवृत्तात लिहिलं. खरं सांगायचं तर मी पहिलं पान वाचलं होतं, उरलेली पाच तशीच फाइलला लावली.

घोषणापत्राचा नमुना भाऊसाहेबांनी तयार केला. भानगड नको, एवढंच त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी सरसकट छापून टाकलं, 'या प्रकल्पासाठी एआयचा वापर केलेला नाही.' खाली विद्यार्थ्याची सही. मागच्या बाजूला माझ्यासाठी मजकूर होता, 'विद्यार्थ्याशी चर्चा करून, एआयचा वापर झालेला नसल्याची मी खातरजमा केली आहे.' मुलांनी फॉर्म भरायच्या आधीच मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या फॉर्मची मागची बाजू एका दुपारी हातावेगळी केली. चर्चा एकाशीही केलेली नव्हती.

त्या विद्यार्थ्यांत युसूफ वडगावची एक मुलगी होती. वडिलांचं गावात किराणा दुकान, आणि घरातून एम.ए.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. वर्गात तोंड उघडायची नाही. गावच्या आठवडी बाजारात भाजी, बांगड्या, मडकी विकणाऱ्या बायांवर प्रकल्प करते म्हणाली, तेव्हा मात्र मला मनापासून बरं वाटलं होतं. प्रकल्प दाखल करायच्या दिवशी ती मला जिन्यात भेटली. "मॅडम, मी एआय वापरलंय थोडं. फॉर्मवर ते कुठं लिहायचं?" मला तासाला उशीर होत होता. "अगं, आधी भाऊसाहेबांकडं सही करून टाक, ते बघतील," असं म्हणून मी वर निघून गेले.

भाऊसाहेबांनी काही बघितलं नाही. तिनं त्या छापील ओळीवर रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'बायांचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि एआयकडून लिहून घेतलं. त्यानं त्यांचं बोलणं पुस्तकी करून टाकलं होतं, म्हणून मी सगळं परत ऐकून हातानं दुरुस्त केलं. एका इंग्रजी लेखाचा सारांशही एआयकडून घेतला. बाकीचं लिखाण माझं आहे.' बाकी सगळ्या पोरांनी निमूट सही केली होती. त्यांतल्या निम्म्यांनी अख्खी प्रकरणं मशीनकडून लिहून घेतली असणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

निकालाच्या तोंडावर विद्यापीठाचं पत्र आलं. एकाच फॉर्मच्या पुढच्या बाजूला 'वापर केला', मागच्या बाजूला 'वापर झालेला नाही'. विद्यार्थिनीनं मार्गदर्शकाची दिशाभूल केली आहे का, याचा समितीनं तीन दिवसांत अहवाल द्यावा. तोवर तिचा निकाल राखून ठेवला आहे. दिशाभूल झाली असेल तर प्रकल्प रद्द, म्हणजे वर्ष गेलं. आणि सोमवारी तिच्या बी.एड.च्या प्रवेशाची कागदपत्रं तपासली जाणार होती. गुणपत्रक नसेल तर प्रवेश नाही. यंदा बी.एड.ला लागली नाही तर शिक्षण बंद, असं कबूल करून घेऊनच घरच्यांनी तिला एम.ए.ला पाठवलं होतं.

पत्र वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी मुलीसाठी नाही, स्वतःसाठी. माझी पदोन्नतीची फाइल त्याच विद्यापीठात पडून होती.

समितीपुढं तिची सुनावणी ठरली, त्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. उलट माझ्या आजारपणात माझे तास स्वतः घेतलेला माणूस.

"मॅडम, उद्या फक्त एवढंच म्हणायचं, की तिनं तुम्हाला सांगितलं न्हवतं. विषय संपला."

"तिनं सांगितलं होतं, सर. जिन्यात."

"जिन्यातलं बोलणं कुठं रेकॉर्डवर असतंय?" ते खुर्चीत पुढं झाले. "तुम्ही कोऱ्यावर सही केली असं लिहून दिलं, तर ते विचारतील, एकाच फॉर्मवर केली का सगळ्यांवरच? मग सगळ्या पोरांचे निकाल अडकतील. कुणाची नोकरी थांबलीय, कुणाचा प्रवेश. एका पोरीपायी सगळ्यांना बुडवायचं का? तुमीच सांगा."

ते खरं होतं, आणि त्याचाच मला राग आला. त्या रागात मी घरी जाऊन परिपत्रकाची उरलेली पाच पानं वाचली. चौथ्या पानावर स्पष्ट होतं, की रेकॉर्डिंग लिहून काढायला आणि लेखाचा सारांश घ्यायला एआय चालतं, फक्त ते सांगायला हवं. म्हणजे अख्ख्या कॉलेजात नियम पाळणारी ती एकटी, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही तीच. मला माझीच इतकी चीड आली की मी जेवणावरून उठले. तरीसुद्धा सकाळी कॉलेजला निघताना मी काय बोलणार, ते माझं मला माहीत नव्हतं.

अकरा वाजता ती आली. सोबत वडील, दुकानातून तसेच आल्यासारखे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. प्राचार्यांनी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ते उठता उठता माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम हायेत न्हवं आत? मग मला काळजी न्हाई."

ती समोरच्या खुर्चीत अगदी काठावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. इंग्रजीच्या सरांनी फॉर्म तिच्यापुढं धरला.

"हे अक्षर तुझंच?"

"हो सर."

"छापलेलं का म्हणून खोडलंस?"

"ते खरं न्हवतं, सर."

मग प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिला सावकाश विचारलं, "नीट आठवून सांग. हे तू मार्गदर्शकांना आधी सांगितलं होतंस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही 'हो' म्हणेल आणि मला फक्त मान डोलवावी लागेल. खोटं नको आणि धाडसही नको, असं मला हवं होतं. माझं सगळं धैर्य तेवढंच होतं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मॅडमना मी कायच सांगितलं न्हवतं."

प्राचार्य लिहायला लागले. इंग्रजीच्या सरांनी सुटकेचा श्वास टाकला. प्राचार्यांची एक ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली, आणि मी अजून गप्पच. ती दुसरी ओळ मला आजही झोपेतून उठवते.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. आवाज केवढ्यानं निघाला ते इंग्रजीच्या सरांच्या दचकण्यावरून कळलं. "मला जिन्यात सांगितलं होतं. ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता. आणि मागची सही मी कोऱ्या फॉर्मवर केलीय. तिच्या एकटीच्या नाही, सगळ्यांच्या."

"मॅडम, विचार करून बोला."

"तीन दिवस तेच केलंय, सर. लिहून घ्या. नाही तर द्या इकडं, मीच लिहिते."

मीच लिहिलं. सव्वा पान झालं, चौथ्या पानावरच्या नियमासकट. प्राचार्यांनी ते वाचलं. मग त्यांनी माझ्यासमोरच विद्यापीठात फोन लावला. मार्गदर्शकच लिहून देत असतील तर मुलीवर काही येत नाही, तिचं घोषणापत्र नियमानुसार आहे, तिचा निकाल शनिवारपर्यंत सोडतो, असं तिकडून सांगितलं. बाकीच्यांचे निकाल मी एकेकाशी बसून फॉर्म नव्यानं भरून देईपर्यंत थांबणार होते. मला कारणे दाखवा नोटीस येणार होती. पदोन्नतीचं कुणी विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही.

बाहेर तिच्या वडिलांना कळलं तसे ते हात जोडून उभे राहिले. "तुमी होतात म्हणून पोरीचं वरीस वाचलं, मॅडम. लई उपकार झाले." मी म्हणाले, "अहो दादा, माझ्यामुळंच जात होतं ते." त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. ते हसले आणि रिक्षा बघायला फाटकाकडं गेले.

आम्ही दोघीच उरलो. माझा सगळा राग मग तिच्यावर निघाला, नेहमीसारखा.

"खोटं कशाला बोललीस गं? फॉर्मवर एवढं खरं लिहिलंस, आणि आत हे?"

ती घाबरली नाही. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर खरं लिवलं तर मलाच बोलावलं. बाकीच्यांना कुणाला न्हाई. मला वाटलं, हितं असंच बोलायचं असतंय."

दोन वर्षं ती माझ्या हाताखाली शिकत होती. एवढं ती माझ्याकडूनच शिकली होती.