सेक्टर दोनची चौपाल

ही गोष्ट शहाण्णव सालातली. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरात अरुणकुमार हेडाऊ राहायचा. तिथल्या पोलाद कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होता. त्याने घरच्या टेलिफोनला मोडेम जोडला आणि एक बोर्ड सुरू केला. दुर्ग, रायपूर, गोंदिया, नागपूर, कुठूनही कोणी आपल्या कॉम्प्युटरवरून त्याच्या नंबरावर फोन लावायचा, पडलेले निरोप वाचायचा, स्वतःचा प्रोग्रॅम ठेवायचा, दुसऱ्याचा उचलायचा. या बोर्डाचं नाव त्याने ठेवलं चौपाल, म्हणजे गावचा पार. नियम एकच. इथला प्रोग्रॅम आतल्या कोडसकट सगळ्यांचा. वापरा, सुधारा, पण पुढे देताना कोडही द्या.

चौपालीवर सगळ्यात मोठं काम झालं ते देवनागरी टायपिंगच्या प्रोग्रॅमचं. सुरुवात अरुणकुमारने केली, पण जोडाक्षरं काही केल्या जुळेनात. गोंदियाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या चंपत नाकाडे सरांनी ती जुळवली. रायपूरच्या एकाने प्रिंटरचं अडलेलं सोडवलं. माणसं वाढत गेली. नवख्याचा प्रश्न कितीही बाळबोध असो, अरुणकुमार ड्यूटीवरून आला की आधी त्याचं उत्तर लिहायचा, मग चहा. बायको, वसुंधरा, वैतागायची. "माह्या माहेरचा फोन लागतच नाही. लाइन सदा तुमच्या दोस्ताइची."

अरुणकुमारच्या थोरल्या बहिणीचे, प्रेमलाताईचे यजमान विजयकुमार नेहरू नगरात कॉम्प्युटर क्लास चालवायचे. पोरांना शिकवायला म्हणून ते हा प्रोग्रॅम घेऊन गेले. दिवाळीनंतर तो दुर्गच्या दुकानात डब्यात विकायला आला. नाव नवं, कोड कुलूपबंद, मालक विजयकुमार. डब्याच्या मागे छापलं होतं: विशेष सहकार्य, अरुणकुमार हेडाऊ.

अरुणकुमार तडक क्लासवर गेला.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुम्ही? हा का माह्या एकट्याचा हाये?"

"अरे, म्हणून तं तुहं नाव टाकलं," विजयकुमार हसले. "तू फुकट वाटे तं कोणी विचारत नव्हतं. आता ऑफिसवाले मागून राहिले."

"अन् बाकीच्याइचं काय?"

"त्याइले मी ओळखतच नाही."

त्या छापील नावानेच घात केला. चंपत सरांनी चौपालीवर लिहिलं, "मेहनत आम्ही करायची आणि माल मेहुण्याच्या घरात." अरुणकुमार खुलासे लिहीत राहिला. कोणी मानेना. शेवटी रायपूरच्याने म्हटलं, खरे असाल तर मेहुण्याचं नाव घालून चोर लिहा.

अरुणकुमारने लिहिलं.

क्लासमधली पोरंही चौपाल वाचत. त्याच आठवड्यात प्रेमलाताई क्वार्टरवर आली. वसुंधराने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"चोर म्हटलं तू त्याइले?"

"खरं तेच लिहिलं, ताई."

"खरंच असंन. माह्या घरी येऊन भांडला असता, तं मी तुह्या बाजूनं बोलली असती. तू चौकात लिहिलं. माह्या पोरीले पोट्टे चोराची पोरगी म्हणून राहिले."

ती पाणीही न घेता निघून गेली.

इतकं करून चंपत सरांचं उत्तर आलं ते असं: "हे नाटकही दोघांनी ठरवूनच केलं असेल." मग त्यांनी गोंदियात वेगळा बोर्ड उघडला. नियम चौपालीचाच, शब्दन् शब्द. एकेक करून सगळे तिकडे गेले. अरुणकुमारनेही तिथे प्रवेश मागितला. नकार द्यायचीही तसदी कोणी घेतली नाही.

पुढच्या साली राखीच्या दिवशी तो नारळ अन् पेढे घेऊन नेहरू नगरला ताईकडे गेला. दार विजयकुमारांनी उघडलं.

"ताई घरी नाही," ते म्हणाले.

उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या. आतून कुकरची शिटी झाली आणि कोणीतरी गॅस बारीक केला. अरुणकुमारने पिशवी विजयकुमारांच्या हातात दिली आणि स्कूटर वळवली.