माझ्या बाजूचा बेल्ट

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईशी रोज फोनवर बोलतो, पण तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सोडली. शिरूरला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. मारुतीमामांनी ठेवून घेतलं. नात्यातले नव्हेत ते, मोटारसायकली पोचवणाऱ्या पिकअपचे ड्रायव्हर. पिकअपला मागं ट्रेलर. कंपन्यांतली परप्रांती माणसं गावी परतताना आपली गाडी रेल्वेनं पाठवतात. ती शिरूरहून दौंड स्टेशनला न्यायची, हे आमचं काम. मला टायफॉईड झाला तेव्हा मामींनी अकरा दिवस हातानं पेज भरवली. हे आधी सांगतो — का, ते कळेल.

बांधायची रीत मामांनीच शिकवली. पुढचं चाक खाचेत घालायचं, हँडलला दोन्हीकडून बेल्ट लावायचे, शॉकअप दबेपर्यंत आवळायचे. डावी बाजू त्यांची, उजवी माझी. माझा बेल्ट गाडीला त्यांच्या अंगावर जाऊ देत नाही, त्यांचा माझ्या. मग हलवून बघायचं. नुसती गाडी हलली तर बांधणी कच्ची. गाडीबरोबर अख्खा ट्रेलर हलला तर पक्की. मी हळूहळू आवळायला लागलो की ओरडायचे, "ए किनवट, नवरदेवाला फेटा बांधतूयस व्हय? बैल बांधल्यागत बांध!"

एकमेकांची बाजू मात्र आम्ही कधी तपासत नव्हतो. तसं केलं तर तो अपमानच की.

त्या दिवशी बुलेट होती. आणि माझ्या बेल्टचा आवळायचा खटका दात धरत नव्हता. आदल्या दिवशी मीच तो खाली विसरलो होतो, त्यावरून चाक गेलं होतं. सांगायचं होतं. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. पण मनात एकच — हलगर्जी म्हणतील, घरी धाडतील. मामांनी कधी कुणाला धाडलं होतं का? नाही. सीटखाली जादा बेल्ट पडलेला होता. मागितला असता तर एक शिवी हासडून दिला असता. एवढंच होतं ते — एक शिवी.

मी बेल्टाला गाठ मारली आणि मोकळं टोक आत खोचलं.

"हलवून बघितली का रं?" मामांनी केबिनमधून विचारलं.

"व्हय मामा. ट्रेलरच हलतोय."

हातसुद्धा लावला नव्हता.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं ते हेच. नाही. अजून यायचंय.

न्हावऱ्याच्या पुढं रस्ता उखडलेला होता. ट्रेलर आदळला की माझी नजर मागं जायची. आरशात बुलेट डावीकडं कललेली दिसत होती — की मलाच तसं वाटत होतं? "मामा, थांबा जरा" म्हणायला किती दम लागतो? तेवढाही निघाला नाही.

दौंडला मामा त्यांच्या बाजूनं ट्रेलरवर चढले. खटका सोडायचा तर आधी बेल्ट थोडा ओढावा लागतो. त्यांनी ओढला तशी माझी गाठ सरकली. बुलेट त्यांच्यावर आली. गुडघा गाडी आणि लोखंडी कठड्याच्या मधे. आवाज कसा झाला, ते लिहीत नाही.

मी धावलो — हे खरं. पण गाडी उचलायला नाही. माझे हात आधी गाठीकडं गेले. कुणी बघितली तर? सरकून सरकून ती पुन्हा घट्ट बसली होती. नखांनी सुटेना, दातांनी सोडली. मामा खालून "किनवट, ए किनवट" करत होते, आणि मी गाठ सोडत होतो. ती सुटली, बेल्ट नुसता बेल्ट झाला, तेव्हा कुठं मी गाडीला हात लावला. तोवर हमालही पोचले होते.

कुणी काही विचारायच्या आत मामाच म्हणाले, "चूक माजी. ह्यानं धरायच्या आतच मी बेल्ट वढला."

गुडघा परत वाकला नाही. क्लच दाबता येत नाही. पिकअप आता मी चालवतो.

दर रविवारी त्यांच्याकडं जेवायला जातो. न जाऊन कसं चालेल? कुणी पाव्हणा आला की मामा तो ताठ पाय पुढं करून सांगतात, "समदी घाबरली, ह्यो न्हाई. दातानं बेल्ट सोडवला पठ्ठ्यानं! म्हणून पाय तरी ऱ्हायला, न्हाईतर तोडावाच लागला असता." मी मान खाली घालतो. पाव्हण्याला वाटतं, पोरगं लाजलं.

मामी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकतात. गरम असते. मी ती खातो.