बुधाचं इंग्रजी

बुधाची आठवण मला आजही आधी नाकातून येते. अमरावतीला वलगावच्या रस्त्यावर आमच्या कापूस कंपनीचा बंगला होता. मी तिथला कारकून, बुधा तिथला मेहतर. गोरे लोक निजायच्या खोलीला लागूनच एका लाकडी पेटीवर बसत, आणि नंतर पाण्याऐवजी कागद वापरत. ती पेटी रिकामी करून बुधा डोक्यावर टोपलं घेऊन निघाला, की मी कचेरीची खिडकी लावून घेई. वैशाखात तर जेवण जात नसे.

माणूस मात्र मोठा गमत्या. त्याला इंग्रजी येत होतं, पण त्या एका कामापुरतं. कापसाचा भाव चढला तसे देशोदेशीचे गोरे वऱ्हाडात आले, आणि त्या पेटीच्या जागेला प्रत्येकाचा शब्द वेगळा. बुधा खिडकीपासून दहा हात लांब उभा राहून मला शिकवी. "आपला लंडनवाला साहेब क्लोझेट म्हनते जी. यंत्रावरचा अमेरिकावाला बॅकहाऊस म्हनते. अकोल्याहून तो पयले जहाजावर असलेला कप्तान येते, तो हेड म्हनते. हेड म्हंजे डोकं न जी? साहेबाची मडम नेसेसरी म्हनते, ते बी भिताडाकडं तोंड करून." मला किळस येई आणि हसूही आवरत नसे. त्या लोकांना एकमेकांचे शब्द मात्र खपत नसत. एकदा जेवताना अमेरिकन मेस्त्री आपला शब्द बोलला, तर मडम पानावरून उठून गेली.

त्या हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत लागली. टोपलं जवळून गेलं की गाडीवाले शिव्या देत. कटकट नको म्हणून साहेबाने हुकूम काढला, मैला लांब न्यायचा नाही, बंगल्यामागच्या नाल्यात टाकायचा.

दुसऱ्या दिवशी बुधा आला. "बाबूजी, साहेबाले सांगा. नाल्याच्या खालतं गाडीवाले पानी पेतेत. माही पोरगी सोनी बी तिथूनच भरते. आमाले इहिरीवर कोनी चढू देत नाई."

"सांगतो," मी म्हणालो. चढू न देणाऱ्यांत मीही होतो.

साहेबासमोर रोज उभा राहायचो. शेजारी मडम विणत बसलेली असे. बॅकहाऊस म्हणावं तर ती उठून जाणार. क्लोझेट कारकुनाच्या तोंडी शोभणार नाही. नेसेसरी म्हणायला माझीच जीभ रेटेना. असला विषय जन्मात कुणापुढे काढला नव्हता, तो बाईमाणसापुढे कसा काढायचा? कापसाच्या गासड्यांबद्दल चार वाक्यं बोलून परत यायचो. बुधा संध्याकाळी विचारी, "सांगतलं जी?" मी म्हणे, "उद्या." असे आठ दिवस गेले.

मग गाडीतळावर पटकीची साथ आली. दोन गाडीवाले गेले. तिसऱ्या दिवशी सोनी गेली.

मी तडक साहेबाकडे गेलो. मडम तिथेच होती. "डर्ट," म्हणालो, नाल्याकडे हात केला, लोक तेच पाणी पितात म्हणून सांगितलं. साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाला, मग लांब नेऊन टाका. एवढंच. मडमेची सुईसुद्धा थांबली नाही. त्या वेळी मला स्वतःची जी किळस आली, तशी त्या टोपल्याची कधी आली नव्हती.

सकाळी बुधाला नवा हुकूम सांगितला.

"कोनता शब्द म्हनला जी साहेबाले?"

मी सांगितला.

"हा त मले बी येत होता," बुधा म्हणाला. "तुमी सांगसान म्हनून थांबलो."